एकच क्लाऊड सॉफ्टवेअर, तऱ्हेतऱ्हेचे क्लायंट: कस्टमायझेशन नेमकं कसं करायचं

बिलिंग आणि स्टॉकचं क्लाऊड सॉफ्टवेअर विकणाऱ्या छोट्या टीमला पहिला क्लायंट सांभाळणं जमतं, दुसराही जमतो, खरी ओढाताण तिसऱ्या-चौथ्यापासून सुरू होते. कारण डेमो संपला की प्रत्येकजण तेच म्हणतो, "सगळं छान आहे, पण आमच्याकडं जरा वेगळं असतं." आणि ते खरंच वेगळं असतं. मार्केट यार्डातल्या आडत्याला शेतकऱ्याची पट्टी हवी असते, भोसरीतल्या जॉबवर्कवाल्याला पार्टीच्या मालाचं चलन आणि हीट नंबर (धातूच्या बॅचचा नंबर) हवा असतो, किराणा डिस्ट्रिब्युटरला रूटप्रमाणे सेल्समन आणि दहावर एक फ्री अशी स्कीम हवी असते. तिघांना एकाच सॉफ्टवेअरमधून हे सगळं द्यायचं आणि उद्या चौथा आला तरी मोडायचं नाही, ते कसं करायचं हे इथे क्रमाने लिहितोय. ईआरपीनेक्स्ट किंवा झोहोसारखं तयार बिझनेस सॉफ्टवेअर घेऊन दुसऱ्यांना बसवून देणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

एक गोष्ट आधीच पक्की करून टाका. कोडमध्ये कुठल्याही क्लायंटचं नाव येता कामा नये. "क्लायंट अमुक असेल तर असं कर" ही ओळ एकदा शिरली की तिच्यामागे दुसरी येतेच, आणि अशा दहा अटी झाल्या की १०२४ कॉम्बिनेशन्स तयार होतात, ती सगळी कोण टेस्ट करणार? दुसरी पळवाट म्हणजे प्रत्येकाला कोडची वेगळी कॉपी, ती तर याहून वाईट. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे स्लॅब जाऊन बराचसा माल ५ आणि १८ वर आला, तेव्हा ज्यांच्याकडे वीस क्लायंटच्या वीस कॉप्या असतील त्यांना तोच बदल वीस ठिकाणी करावा लागला असणार. क्लायंटचं वेगळेपण डेटात राहिलं पाहिजे, म्हणजे सेटिंगमध्ये, फील्डमध्ये, नियमांच्या टेबलमध्ये. कोड सगळ्यांना एकच. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आधी डेटा वेगळा कसा ठेवायचा ते ठरवा

हे नंतर बदलायला फार महाग पडतं म्हणून पहिलं. तीन रस्ते आहेत. सगळ्यांचा डेटा एकाच टेबलात आणि प्रत्येक ओळीवर टेनंट आयडी (टेनंट म्हणजे एक क्लायंट), किंवा एकाच डेटाबेसमध्ये प्रत्येकाची वेगळी स्कीमा म्हणजे टेबलांचा वेगळा संच, किंवा प्रत्येकाचा डेटाबेसच वेगळा. ईआरपीनेक्स्ट घेतलंत तर हा प्रश्न सुटलेलाच असतो, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे ओपन सोर्स ईआरपी आहे आणि त्यात प्रत्येक साइटचा डेटाबेस वेगळाच असतो. सेल्सफोर्स हे ग्राहकांच्या नोंदी सांभाळणारं मोठं क्लाऊड सॉफ्टवेअर अगदी दुसऱ्या टोकाला आहे, तिथे हजारो कंपन्यांचा डेटा त्याच त्या मोठ्या टेबलांत, कॉलमांना नाव नाही नुसते नंबर, आणि कुठल्या कंपनीसाठी कुठल्या कॉलमचा अर्थ काय हे मेटाडेटा (डेटाबद्दलची माहिती) सांगतो.

स्वतः बनवत असाल आणि क्लायंट छोटे दुकानदार असतील तर माझं मत स्पष्ट आहे, एकच डेटाबेस, टेनंट आयडी, आणि वर पोस्टग्रेस डेटाबेसची रो लेव्हल सिक्युरिटी, जी कोणाला कुठल्या ओळी दिसतील हे डेटाबेसमध्येच ठरवते आणि ९.५ व्हर्जनपासून आहे. प्रत्येक क्वेरीत डेव्हलपरने आठवणीने अट घालायची यावर विसंबू नका, सात महिन्यांनी कोणीतरी एक रिपोर्ट घाईत लिहितो आणि आडत्याला डिस्ट्रिब्युटरची उधारी दिसते. यात दोन सापळे आहेत. एक, टेबलचा जो मालक युजर असतो त्याला रो लेव्हल सिक्युरिटी लागूच होत नाही, 'फोर्स' लावावं लागतं, आणि सुपरयुजरला तर 'फोर्स' लावूनही ती लागू होत नाही, तेव्हा ॲपचा डेटाबेस युजर वेगळा आणि कमी हक्कांचा ठेवा. दुसरा, कनेक्शन पूल (डेटाबेसची तीच कनेक्शन्स आळीपाळीने वापरणं) वापरत असाल तर "आत्ता टेनंट कोण" हे ट्रान्झॅक्शनच्या आतच सेट करा, नाहीतर तेच कनेक्शन पुढच्याला मिळतं आणि आधीच्याची ओळख त्यावर तशीच चिकटलेली असते.

वेगळे डेटाबेस घेतले तर मन शांत राहतं, एका क्लायंटचा बॅकअप, रिस्टोअर सोपा जातो. पण दोनशे क्लायंट असतील तर नवा कॉलम दोनशेदा चढवायचा आणि एकशेतिसाव्याला फेल झालं तर पुढे काय, याची स्क्रिप्ट आधीच लिहून ठेवावी लागते.

मग क्लायंटच्या जागेवर जाऊन बसा

मीटिंगमध्ये मालक जे सांगतो आणि मुनीम किंवा अकाउंट्सची मुलगी जे करते त्यात फरक असतो. म्हणून गाळ्यावर जा, शॉपमध्ये जा, आणि कागद गोळा करा. कोरे फॉरमॅट नको, भरलेले मागा. पट्टीपुस्तक, चलनबुक, कच्ची चिठ्ठी, सीएला पाठवायचं एक्सेल, सगळं. भरलेल्या पट्टीवर पेनाने समासात जे लिहिलेलं असतं ना, तीच खरी रिक्वायरमेंट असते, "उचल ५०० वजा", "२ गोण्या नरम".

प्रत्येक मागणीला तीन प्रश्न विचारा. हे नसलं तर आज काम अडतं का? महिन्यातून किती वेळा लागतं? हे कायद्याने लागतं, पार्टी मागते म्हणून लागतं, की जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होतं म्हणून हवंय? तिसऱ्या प्रश्नाला खूप मागण्या गळतात. "बिल लाल रंगात हवं" म्हणणाऱ्याला बऱ्याचदा फक्त उधारीची बिलं चटकन ओळखायची असतात, त्याला फिल्टर दिला की तो खूश.

यादी झाली की प्रत्येक मागणीसमोर लिहा, ती कशाने भागेल: सेटिंग, जादा फील्ड, प्रिंट फॉरमॅट, वर्कफ्लो, स्क्रिप्ट, की बाहेरून जोडलेलं वेगळं ॲप. हा क्रम मुद्दाम आहे, डावीकडून सुरुवात करा आणि भागलं की तिथेच थांबा, कारण उजवीकडे सरकावं तसा सांभाळायचा खर्च वाढत जातो.

सेटिंग आणि नियमांची टेबलं

इथे जास्तीत जास्त वेळ द्या कारण मागण्यांतल्या बऱ्याच इथेच मिटतात. सेटिंग म्हणजे फक्त चालू-बंद बटणं समजू नका.

आडत्याची पट्टी घ्या. शेतकऱ्याच्या मालाच्या रकमेतून हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं, उचल असं वजा होतं आणि खाली निव्वळ देय रक्कम. साधा डेव्हलपर काय करतो, हमाली नावाचा कॉलम, तोलाई नावाचा कॉलम, संपलं. पुढच्या यार्डात वेगळी कपात निघते आणि परत कॉलम. त्यापेक्षा कपातींचं एक टेबल करा: कपातीचं नाव, हिशोब कशावर म्हणजे क्विंटलवर, नगावर की टक्क्यावर, दर, कोणाकडून घ्यायची, आणि कधीपासून कधीपर्यंत लागू. ते "कोणाकडून" अतिशय महत्त्वाचं. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय झाला. ज्यांच्या कोडमध्ये आडत म्हणजे शेतकऱ्याची कपात असं ठोकून बसवलेलं असेल त्यांना सगळा हिशोब उलटा करायला लागणार, टेबलमध्ये असेल तर एक ओळ बंद करून दुसरी चालू. हेच टेबल मग डिस्ट्रिब्युटरच्या भाड्याला आणि वर्कशॉपच्या पॅकिंग चार्जलाही चालतं, नाव तेवढं वेगळं.

आणि लागू तारीख प्रत्येक दराला हवीच. जीएसटीचा दर आयटमवर एकच आकडा म्हणून ठेवलात तर २२ सप्टेंबरनंतर जुन्या बिलाची क्रेडिट नोट नव्या दराने निघेल, ती जुन्याच दराने निघायला पाहिजे.

प्रत्येक टेनंटला वेगळ्या ठेवाव्या लागतील अशा जीएसटीच्या गोष्टी:

ई-इन्व्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) लागू आहे की नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागतं, आणि २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षात ओलांडली असली तरी लागतं, म्हणून फक्त मागचं वर्ष बघून आपोआप बंद करू नका.

एचएसएन (मालाच्या प्रकाराचा कोड) ४ अंकी की ६ अंकी, हेही ५ कोटींच्या हिशोबानेच.

बिल नंबरची सिरीज. क्लायंटला वाट्टेल तशी सिरीज बनवू द्या, ब्रँचप्रमाणे, काउंटरप्रमाणे, पण नंबर १६ कॅरॅक्टर्सच्या आत, अक्षरं-आकडे आणि डॅश, स्लॅश एवढंच, आणि आर्थिक वर्षात पुन्हा येणार नाही, ही तपासणी सिरीज बनवतानाच करा. बिल पोर्टलवर रिजेक्ट झाल्यावर कळून उपयोग नाही.

ई-वे बिलाची मर्यादा. साधारण ५०,००० पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख, तेव्हा राज्याप्रमाणे ठेवा.

सेटिंगचे तीन थर ठेवा: प्रॉडक्टचं डीफॉल्ट, धंद्याच्या प्रकाराचं पॅकेज, आणि क्लायंटचं स्वतःचं. मधला थर बहुतेक लोक विसरतात आणि सगळ्यात फायदा त्याचाच आहे, दुसरा आडत्या आला की "फळ-भाजी आडत" पॅकेज लावलं की नव्वद टक्के काम झालेलं असतं.

जादा फील्ड

वर्कशॉपवाल्याला चलनावर हीट नंबर, ड्रॉइंग नंबर, ड्रॉइंगची रिव्हिजन आणि पीओमधला (खरेदी ऑर्डरमधला) लाइन नंबर हवा. हे आडत्याच्या स्क्रीनवर दिसायला नको. ईआरपीनेक्स्टमध्ये कस्टमाइझ फॉर्ममधून फील्ड वाढवता येतं आणि नव्या व्हर्जनमध्ये त्याच्या नावाआधी 'कस्टम' आपोआप लागतं, ते चांगलं आहे, कारण उद्या मूळ प्रॉडक्टमध्येच त्या नावाचं फील्ड आलं तर टक्कर होत नाही. स्वतःच्या प्रॉडक्टमध्येही अशी वेगळी नावं ठेवा. आणि लाइव्ह साइटवर हाताने फील्ड टाकत बसू नका, फिक्स्चर म्हणजे फाइल म्हणून एक्सपोर्ट करून गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणी कशासाठी काय टाकलं ते कोणालाच सांगता येत नाही.

स्वतः बनवत असाल तर पोस्टग्रेसमध्ये जेसनबी कॉलम (एकाच कॉलममध्ये हवी तेवढी फील्ड मावतात) आणि सोबत फील्डच्या व्याख्यांचं वेगळं टेबल, हे पुरतं. व्याख्येत नाव, प्रकार, सक्तीचं का, यादी असेल तर पर्याय, कुठल्या स्क्रीनवर, आणि रिपोर्टमध्ये फिल्टर लागणार का, एवढं ठेवा. शेवटचं महत्त्वाचं आहे कारण ज्यावर शोधायचं त्यावरच इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) टाका, सगळ्यावर नको. प्रत्येक फील्डची प्रत्येक व्हॅल्यू वेगळ्या ओळीत ठेवायची जुनी पद्धत टाळा, दहा फील्डचा रिपोर्ट काढताना दहा जॉइन (टेबलांच्या जोडण्या) होतात आणि मार्चएंडला सर्व्हर बसतो. मायएसक्यूएल, मारियाडीबीवर खरे कॉलम वाढवत गेलात तर एका ओळीला ६५,५३५ बाइट्सची मर्यादा आहे, लांब व्हारकॅर कॉलम वाढले की ती खरोखर आडवी येते.

एका फॉर्मवर क्लायंटने चाळीसेक फील्ड मागितली तर थांबा आणि बघा, बहुधा तो एक वेगळाच डॉक्युमेंट असतो जो तुम्ही चलनात कोंबताय. जॉबवर्कच्या मालाचं तसंच आहे. पार्टीचा माल आपल्या स्टॉकमध्ये मोजायचा नाही पण कुठल्या चलनाने आला, किती परत गेला, किती स्क्रॅप झाला हे ठेवायचं, आणि कायद्याने कच्चा माल एका वर्षात आणि कॅपिटल गुड्स तीन वर्षांत परत जायला लागतात, त्यामुळे वय दाखवणारा रिपोर्ट लागतोच. हे दोन जादा फील्डने होणारं काम नाही, ते वेगळं मॉड्यूल करा आणि ज्याला पाहिजे त्याला चालू करून द्या.

प्रिंट, आणि मराठी

क्लायंट सॉफ्टवेअरला जोखतो ते छापलेल्या कागदावरून. प्रिंट फॉरमॅट टेम्प्लेटमध्ये ठेवा, टेनंटप्रमाणे बदलता येईल असा, पण टेम्प्लेटमध्ये हिशोब करू देऊ नका, बेरजा तयार करूनच पाठवा, नाहीतर कागदावर एक आकडा आणि लेजरला दुसरा.

मराठी पट्टी छापताना पीडीएफ बनवणारी लायब्ररी जोडाक्षरं नीट जोडते का ते आधी बघा. बऱ्याच लायब्रऱ्या अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवतात, मग वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षर फुटतं. क्रोमियम ब्राउझरवरून पीडीएफ काढली तर हा त्रास होत नाही. टेस्टला 'कुऱ्हाडे', 'ज्ञानेश्वर', 'श्रीकृष्ण', 'तऱ्हेवाईक', 'ॲडव्हान्स' हे शब्द घ्या. थर्मल प्रिंटरला बहुतेक वेळा देवनागरी थेट कळत नाही, पावतीची इमेज करून पाठवा. आकडे १२,३४,५६७ असेच यायला हवेत, आणि अक्षरी रक्कम लाख-कोटीत.

शोधायच्या बाबतीत, कुऱ्हाडेमधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, काही कीबोर्ड ऱ वापरतात, काही र आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह). दिसायला सारखंच, कॉम्प्युटरला वेगळं. ॲचंही तसंच. सेव्ह करतानाच एका रूपात आणा, नाहीतर एकाच शेतकऱ्याची दोन खाती उघडतात आणि उचल एकावर, पट्टी दुसऱ्यावर. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला डेटा असेल तर युनिकोडमध्ये बदलूनच इम्पोर्ट करा.

वर्कफ्लो आणि हक्क

कोण बनवणार, कोण मंजूर करणार, किती रकमेवर, एवढंच टेबलमध्ये ठेवा. दोन पायऱ्यांपेक्षा जास्त मंजुरी छोट्या धंद्यात सहसा टिकत नाही, मालकाचा पासवर्ड मुनीमाकडे जातो आणि सगळी मंजुरी तिथेच संपते. मोबाईलवर एका टचला मंजूर होईल असं द्या. भूमिका क्लायंटला स्वतः बनवू द्या, पण प्रत्येक हक्काला साध्या मराठीत एक ओळ वर्णन लिहा.

काही गोष्टी मात्र कस्टमाइझ करू द्यायच्याच नाहीत. एडिट लॉग बंद करायचं बटण ठेवू नका. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे आणि तो बंद करता येता कामा नये, शिवाय हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर लागतो. बिल डिलीट करून नंबर परत वापरायची सोय कितीही आग्रह झाला तरी देऊ नका, कॅन्सल द्या. डेबिट-क्रेडिट जुळल्याशिवाय एंट्री सेव्ह होऊ देऊ नका. क्लायंट चिडला तरी चालेल, त्याचाच सीए नंतर तुमची बाजू घेतो.

स्क्रिप्ट आणि बाहेरची जोडणी

इथवर जे भागलं नाही त्यासाठीच. डिस्ट्रिब्युटरची स्कीम, "या तीन ब्रँडची मिळून २० हजारांची खरेदी झाली तर चौथा अर्ध्या दरात", ही कुठल्या सेटिंगमध्ये बसत नाही. स्क्रिप्ट चालू द्या पण कुंपणात. सेल्सफोर्स एका सिंक्रोनस ट्रान्झॅक्शनमध्ये १०० क्वेरी आणि १० सेकंद सीपीयू एवढंच देतं आणि कोड लाइव्ह करायला ७५ टक्के टेस्ट कव्हरेज मागतं, एवढ्या मोठ्या कंपनीला हे करावं लागतं तर आपल्याला लागणारच. फ्रॅपेमध्ये सर्व्हर स्क्रिप्ट रिस्ट्रिक्टेड पायथनमध्ये चालते. तुमच्याकडेही वेळेची मर्यादा, नेटवर्क बंद, आणि चूक आली तर क्लायंटला समजेल असा मेसेज, एवढं असल्याशिवाय स्क्रिप्टिंग सुरू करू नका.

बाहेरच्या सिस्टिमला कळवायचं असेल, म्हणजे मोठ्या पार्टीचं पोर्टल, वजनकाटा, टॅली, तर वेबहुक द्या, म्हणजे इकडे काही घडलं की तिकडे आपोआप मेसेज जातो. प्रत्येक मेसेजला वेगळा आयडी आणि सही द्या, कारण रिट्रायमध्ये तोच मेसेज दोनदा जातो आणि समोरच्याला दुसरा ओळखता आला पाहिजे. एसएमएस पाठवत असाल तर ट्रायच्या (टेलिकॉम नियामकाच्या) नियमाप्रमाणे हेडर आणि टेम्प्लेट डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) रजिस्टर लागतं, ते क्लायंटच्याच नावावर करून घ्या आणि टेम्प्लेट आयडी टेनंट सेटिंगमध्ये ठेवा. हे कागदपत्रांचं काम आहे, पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

अपडेट देताना

सेल्सफोर्स वर्षातून तीन रिलीज देतं, स्प्रिंग, समर आणि विंटर, आणि त्याआधी सँडबॉक्सवर (चाचणीच्या साइटवर) बघायला देतं. छोट्या टीमलाही असं वेळापत्रक ठेवता येतं. आधी आतली साइट, मग दोन-तीन समजूतदार क्लायंट, मग बाकी. नवं फीचर फ्लॅगमागे (कोडमधल्या चालू-बंद स्विचमागे) ठेवा आणि सगळ्यांना चालू झालं की फ्लॅग कोडमधून काढून टाका, पडून राहिलेले फ्लॅग म्हणजे परत तीच कॉम्बिनेशन्सची रांग. प्रत्येक पॅकेजचा एक नमुना टेनंट ठेवा, नमुना आडत्या, नमुना वर्कशॉप, नमुना डिस्ट्रिब्युटर, त्यात पन्नासेक खऱ्यासारखी बिलं, आणि प्रत्येक रिलीजआधी बेरजा आपोआप ताडून बघा. यार्डवाल्याला पहाटे अपडेट देऊ नका, त्याचा धंदा तेव्हाच असतो. वर्कशॉपला महिनाअखेरीला नको. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोणालाच नको.

पैसे आणि नाही म्हणणं

सेटिंग आणि पॅकेज मासिक भाड्यात धरा. जादा फील्ड आणि प्रिंट फॉरमॅटचं एकदाचं शुल्क लावा. स्क्रिप्ट आणि जोडणीला बनवायचं शुल्क वेगळं आणि वर्षाचं सांभाळायचं वेगळं, हे दुसरं सांगायला लोक लाजतात आणि तीन वर्षं फुकट दुरुस्त्या करत बसतात. करारात लिहा की बनवलेलं फीचर तुम्ही इतरांनाही देऊ शकता, क्लायंटचा डेटा आणि दर मात्र त्याचेच.

एखादी हाउसिंग सोसायटी आली आणि मेंटेनन्स बिल, थकबाकीवर व्याज, शेअर सर्टिफिकेट, सभेची नोटीस मागायला लागली तर सरळ सांगा की आमचं सॉफ्टवेअर यासाठी नाही. सोसायटीच्या हिशोबाचे उपविधी वेगळे, जीएसटीची ७,५०० रुपयांची मर्यादा वेगळी. बिल छापलं जातं एवढ्याच साम्यावर काम घेतलंत तर अर्धी टीम तिथे अडकते आणि बाकीचे क्लायंट ताटकळतात.

जायच्या वाटेचंही आधीच ठरवा. क्लायंट सोडून जाईल तेव्हा त्याला सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळाला पाहिजे, जादा फील्डसकट, त्याने दिलेल्या नावांनी, "फील्ड १७" असं नाही. हे एक्सपोर्टचं बटण सुरुवातीलाच बनवा आणि डेमोत दाखवा, हो म्हणायला कचरणारा मालक बऱ्याचदा हे बघून तयार होतो.